सातव्या दिवसापुढचा शब्द

बळवंतराव निगड्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दौरे आखले. साहेबाला इंफाळला जायचं असो नाहीतर भुजला, फुलस्केप कागदावर सहा रकाने ओढायचे आणि भरायचे. तारीख, प्रस्थान, आगमन, साधन, मुक्काम, कामाचा तपशील. निगड्यांनी आखलेल्या दौऱ्यात साहेब कधी स्टेशनवर ताटकळत नाही, अशी त्यांची मंत्रालयात ख्याती होती. स्वतः मात्र ते एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाची सवलत, मिळाली की साताऱ्याला आईकडे जायचे आणि परत यायचे. बाकीचा देश त्यांनी रकान्यांतच पाहिला.

त्यांच्या बायकोला, प्रमोदिनीला, वाळवंट पाहायचं होतं. कोयनेकाठच्या हिरव्यागार गावातून लग्न होऊन ती थेट दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली होती. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी आंधी आली. खिडक्या लावेपर्यंत गाद्यांवर, भांड्यांवर, तापवून ठेवलेल्या दुधावर पिवळी धूळ बसली. शेजारीण म्हणाली, "राजस्थान से आती है ये." तेव्हापासून तिने ते मनात धरलं. "अहो, जी धूळ मी रोज पुसते तिचं माहेर तरी दाखवा एकदा," असं ती म्हणायची.

"पुढच्या थंडीत," बळवंतराव म्हणायचे.

अशा कितीतरी थंड्या आल्या आणि गेल्या. नोकरी संपली. क्वार्टर सोडून दोघं मयूर विहारला, सोसायटीतल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मागच्या वर्षी सप्टेंबरात तापाचं निमित्त झालं आणि प्रमोदिनी अकरा दिवसांत गेली. धूळ पुसायला आता सकाळी एक बाई येते. ती कोपरे सोडते. बळवंतराव काही बोलत नाहीत.

ती गेल्यावर महिन्याभराने गॅसचं पुस्तक शोधताना त्यांना कपाटात एक कागद सापडला. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, त्यावर पेन्सिलने तिचं अक्षर. पहिला दिवस कालीबंगा, त्याच्यापुढे 'नांगरलेलं शेत'. दुसरा बिकानेर. तिसरा जैसलमेर. चौथा कुलधरा, 'सगळं गाव एका रात्रीत उठून गेलं'. पाचवा आकल, 'दगड झालेली झाडं'. सहावा किराडूची देवळं, 'दिवस मावळायच्या आत बाहेर'. आणि सातव्या दिवसापुढे एकच शब्द.

ओस.

बळवंतरावांनी तो कागद उभ्यानेच वाचला, घडी केली आणि होता तिथे ठेवून दिला. ओस म्हणजे उजाड, रिकामं, माणूस नसलेलं. शब्द तिच्या तोंडचाच होता. त्यांची एकुलती एक मुलगी, अक्षया, नोकरीसाठी गुडगावला राहायला गेली तेव्हा प्रमोदिनी म्हणाली होती, "घर ओस पडलं हो." सरोजिनी नगरचे जुने क्वार्टर पाडायला घेतले तेव्हा ती मुद्दाम ऑटो करून बघून आली आणि तेच म्हणाली. आता सहा दिवस भटकून सातव्या दिवशी माणूस येतो कुठे? घरी. म्हणजे ओस ते हे घर. आणि घरात दुसरं होतं कोण? फायलीवर शेवटी साहेबाचा शेरा असतो, तसा तिने संसारावर शेरा मारून ठेवलाय, अशी त्यांची खात्रीच झाली. ही गोष्ट त्यांनी तेरा महिने कोणाला सांगितली नाही. अशी गोष्ट सांगणार तरी कोणाला?

पण कागदाची घडी घातली म्हणून प्रवास थांबला नाही. दुपारी जेवण झालं की ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. नोव्हेंबरात दिल्लीची हवा दाटते, समोरच्या इमारती एकेक करून पुसल्या जातात, सूर्य पितळेच्या झाकणीसारखा नुसता टांगलेला राहतो. डोळा लागतो न लागतो तोच ते निघायचे.

कालीबंगाला पोचायला वेळ लागत नसे. कोरड्या नदीचं पात्र, काठाला मातीचे उंचवटे, आणि हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी नांगरून ठेवलेलं शेत. नांगरट झाली होती, पेरणी तेवढी राहिली होती. प्रमोदिनी नांगराच्या तासांच्या कडेने चालत असायची, पदर नाकाला लावून, दोन पावलं पुढे. ती नेहमी दोन पावलं पुढेच असायची, भाजीबाजारातसुद्धा. "अगं, थांब की," ते म्हणायचे. ती थांबायची नाही, पण चाल हळू करायची. कुलधऱ्याला बिनछपराच्या घरांतून ती प्रत्येक घराची चूल कुठे असेल ते शोधत फिरायची. आकलला दगड झालेल्या झाडावर हात ठेवून म्हणायची, "ऊन लागतंय हो अजून." किराडूला राखणदार काठी आपटत यायचा. दिवस मावळल्यावर इथे राहिलेला माणूस दगड होतो म्हणतात, चला, निघा. ती आपली खांबावरच्या दगडी बाईशी काहीतरी बोलत बसलेली. हे हाका मारताहेत आणि ती हात करतेय, आले, आले.

तिथून पुढे रस्ता संपायचा. सातव्या दिवशी ते सरोजिनी नगरच्या आपल्या क्वार्टरसमोर उभे असायचे. दार नाही, खिडकी नाही, भिंतीवर नंबर तेवढा. ती कुठेच नाही. मग जाग यायची.

असं चाललं होतं, तेवढ्यात एका रविवारी अक्षया आली. दर रविवारी ती यायचीच. मेट्रो बदलत दीड तास यायचं, जेवायचं, बाबांच्या फोनमधली नको ती अॅप काढून टाकायची आणि संध्याकाळी परत. त्या दिवशी तिला आपला कुठलासा जुना दाखला हवा होता. आतून तिचा आवाज आला.

"बाबा! ये क्या है? आईची ट्रिप?"

बळवंतराव चहाचा कप घेऊन दारात आले तोवर तिने कागद पलंगावर पसरला होता. ती बोट ठेवून वाचत होती. दिल्लीत वाढलेली पोर, मराठी वाचायची ती अडखळत, हिंदीचा हात धरून.

"नां-गर-लेलं शेत. नांगर म्हणजे हल ना? कुलधरा, अरे वा. किराडू, ये तो मैंने सुना भी नहीं. सातवा दिवस... ओस." ती थांबली. तिने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बाबा, आईला ओस बघायची होती?"

"काय?"

"ओस, बाबा. सकाळी सकाळी घासवर असते ती. डेझर्टमध्ये जाऊन बाईसाहेबांना ओस बघायची होती. आई पण ना, यार!"

कप बळवंतरावांच्या हातात तसाच राहिला. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेला माणूस, हिंदीत ओस म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण घरचं मराठी घरात आणि बाहेरची हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर, अशी त्यांच्या डोक्यात व्यवस्था होती. दोन्हीकडचा एकच शब्द कधी समोरासमोर आला नव्हता.

"त्याला मराठीत दव म्हणतात," ते म्हणाले.

"दव? कधी ऐकलाच नाही."

"आणि ओस म्हणजे मराठीत..."

"काय?"

"काही नाही. चहा घे तू."

अक्षयाने चहा घेतला आणि कॅलेंडर काढलं. "जानेवारीत माझी एक वीकची सुट्टी लॅप्स होणार आहे. चलो. तुम्ही आणि मी. आईची ट्रिप करून टाकू."

"अगं, आत्ता कुठे? पुढच्या..."

"बाबा! खबरदार, पुढच्या थंडीत बोललात तर."

बळवंतरावांनी उठून टेबलाच्या खणातून फुलस्केप काढला, पट्टी काढली.

"हे काय?"

"रकाने."

"बाबा, आपण फिरायला जातोय. इन्स्पेक्शनला नाही."

"रकाने असले की कोणी ताटकळत नाही," ते म्हणाले आणि ओढायला लागले. ती फोनवर अंतरं बघून सांगत गेली, ते लिहीत गेले. कामाचा तपशील या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न आला. अक्षया म्हणाली, लिहा, मजा. ते त्यांना पटलं नाही. त्यांनी तिथे प्रमोदिनीचे शब्द जसेच्या तसे उतरवले. सातव्या ओळीपाशी आले आणि पेन थांबलं. "हे मागाहून भरू," ते म्हणाले.

त्या आठवड्यात दुपारचा प्रवास बदलला. किराडूहून ती हात करायची, आले, आले, आणि खरंच यायची. दोघं चालत राहायची. पुढे उजाडत असायचं. वाळू रंगाने गडद झालेली, हात लावावा तर गार, ओली. पाऊल टाकलं की वरचा ओलसर पापुद्रा मोडायचा आणि खालून कोरडी पिवळी वाळू वर यायची. मागे वळून बघावं तर तिची पावलं आणि त्यांची पावलं, ओल्यात कोरडी. ती खाली बसून बोट फिरवायची आणि ओठाला लावायची. "गोड आहे हो." जाग यायची तेव्हा बळवंतरावांना आपण किती वेळ झोपलो ते कळत नसे. एकदा तर त्यांनी आपल्या चपलांचे तळ उलटे करून पाहिले.

तरी मन खात होतं. कागदावर सगळं मराठी. नांगरलेलं शेत मराठी, दिवस मावळायच्या आत मराठी. मग एकच शब्द हिंदीतला कशाला लिहील ती? पोरीने चुकून एक गोड अर्थ लावला आणि म्हातारा त्यावर तरंगतोय, झालं. खरं काय ते कळल्याशिवाय या गाडीत बसायचं म्हणजे तिच्या नावावर आपली सोय करून घेणं. त्यांना ते नको होतं. ओस म्हणजे ओसच असेल तर त्यांना तिकिटं काढायची नव्हती.

गुरुवारी ते नेहमीप्रमाणे मेट्रोने मंडी हाउसला उतरून कोपर्निकस मार्गावर गेले. तिथल्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये गुलाबराव भेटतात. जळगावकडचे, अतिथिगृहांच्या नोकरीतच केस पांढरे झालेले. अर्धा महाराष्ट्र दिल्लीत कुठे उतरतो आणि कुठे फिरतो, हे त्यांना तोंडपाठ. दोघांसाठी पोहे मागवले. पोहे येईपर्यंत बळवंतरावांनी सगळं सांगून टाकलं, शेरा, क्वार्टर, दव, सगळं. सांगताना त्यांनी मिठाची बाटली वीस वेळा फिरवली.

गुलाबरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहिनी सहाव्या दिवशी कुठे होत्या म्हणालात?"

"किराडू. बाडमेरपाशी."

"मग तिथून दिल्लीला यायचं तर?"

"जोधपूरवरून."

"आणि जोधपूरच्या जवळ, वाळूत, हजार वर्षांची देवळं कुठे आहेत?"

बळवंतरावांच्या एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाचं तिथे काम निघालं नव्हतं.

"ओसियां!" गुलाबरावांनी टेबलावर थाप मारली. शेजारच्या टेबलावरची स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकातून वर बघायला लागली. "ओ-सि-यां. आमच्या हिला घेऊन मी स्वतः जाऊन आलोय. वहिनी ओसियां लिहायला बसल्या, ओस लिहून झालं आणि कुकरची शिट्टी झाली. संपलं! बळवंतराव, तेरा महिने तुम्ही कुकरच्या शिट्टीला रडताय."

बळवंतरावांनी खिशातून कागद काढला. चष्मा पुसला. प्रमोदिनीची लिहायची एक तऱ्हा होती. ती आधी सगळी अक्षरं मांडायची, मग वेलांट्या द्यायची, आणि शब्द पुरा झाला की वर शिरोरेघ ओढायची, कडी लावल्यासारखी. लग्नाआधी तिची पत्रं यायची तेव्हापासून त्यांनी ते पाहिलं होतं. घाईत असली तर शेवटच्या शब्दाची रेघ राहून जायची.

कागदावर कालीबंगाला रेघ होती. कुलधऱ्याला होती. 'बाहेर'लासुद्धा होती, लांब, पुढे गेलेली. ओसवर नव्हती. ओ आणि स उघडे, शेजारी शेजारी, पुढच्या अक्षराची वाट बघत उभे.

तेरा महिने कागदाची धास्ती घेतलेल्या माणसाने कागद नीट पाहिलाच नव्हता.

"कुकर नव्हे हो," बळवंतराव म्हणाले. "मी असणार. अगं, माझा मफलर कुठे ठेवलास. काहीतरी असंच. मी एक हाक मारली की ती हातातलं टाकून उठायची." ते हसायला लागले आणि मग त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

गुलाबरावांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "खा. गार होतंय."

रविवारी अक्षया आल्या आल्या बळवंतरावांनी तिला समोर बसवून सांगितलं. मराठीतला ओस सांगितला, तेरा महिने सांगितले, रेघ दाखवली. ती ऐकत असताना तिचा चेहरा लाल होत गेला. राग आला की ती हिंदीत जाते.

"और आप अकेले ये लेकर बैठे रहे? तेरह महीने?" मग स्वतःला आवरून, "मी दर संडेला येत होती बाबा. इथे बसून मटार पनीर खाऊन जात होती. आणि तुम्ही मनात असं... आई असं लिहील? तुमच्यासाठी?"

"तुला कशाला त्रास, म्हटलं. तू लहान..."

"मी एकोणतीस वर्षांची आहे!"

"ते आहेच."

"आई तुम्हाला लाख बोलायची, पण तोंडावर. कागदावर कशाला लिहील? कधी घाबरली का तुम्हाला ती?"

हे खरं होतं. हे त्यांना स्वतःहून सुचायला हवं होतं.

थोड्या वेळाने अक्षयाने नाक पुसलं आणि फुलस्केप पुढे ओढला. "ठीक. सातवा दिवस, ओसियां टेंपल. सकाळी बाडमेरहून निघायचं, दुपारी देवळं, संध्याकाळी जोधपूरहून ट्रेन." तिचा आवाज कोरडा होता. "ओस कॅन्सल. माझी मिस्टेक होती. आईने लिहिलीच नव्हती."

"थांब," बळवंतराव म्हणाले.

"काय?"

"सहाव्या दिवशीच संध्याकाळी ओसियांला पोचू. किराडूला दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचंच आहे. अगदी दुपारीच निघू. रात्री मुक्काम तिथे. सकाळी ओस बघायची."

"पण बाबा, आईला..."

"आईला देवळं बघायची होती. ती दुपारी बघू. पहाटेचं तू वाचलंस. मला ते बघायचंय." हे बोलायची त्यांना सवय नव्हती. "आठ दिवस मी तेच बघतोय डोळे मिटून. आता उघडून बघू."

"आणि नाही पडली तर?"

"विचारून घेऊ. लाव फोन."

वाळूच्या टेकड्यांजवळ झोपड्या भाड्याने देणारा एक माणूस तिने शोधून ठेवला होता. तिने नंबर लावून फोन बाबांच्या हातात दिला. पलीकडे बकऱ्या ओरडत होत्या.

"बोलिए साब."

"हम दिल्ली से बोल रहे हैं. जनवरी में आना है. एक बात पूछनी थी. आपके यहाँ ओस गिरती है क्या?"

पलीकडे क्षणभर नुसत्या बकऱ्या.

"ओस? लोग तो गीज़र पूछते हैं साब." मग तो माणूस हसला. "गिरती है. हवा थमी रही तो गिरती है. सुबह ऊँट की पीठ पर हाथ फेरो तो हथेली गीली हो जाती है."

"पक्का गिरेगी?"

"पक्का तो ऊपरवाले का काम है. मेरा काम खाट और खाना."

बळवंतरावांनी आयुष्यात असा दौरा आखला नव्हता, ज्याचा तपशील हवेवर अवलंबून आहे. त्यांनी फुलस्केपकडे पाहिलं. मग तो बाजूला सारला.

"चलेगा," ते म्हणाले. "एक झोपडी रख दीजिए."

"झोपड़ी दे दूँगा साब, पर झोपड़ी में सोओगे तो ओस नहीं मिलेगी. छप्पर के नीचे कहाँ गिरती है? खाट बाहर रेत पे डालनी पड़ेगी. ठंड होगी, कह देता हूँ. रजाई ऊपर से भीगेगी. कितनी खाट डालूँ?"

बळवंतरावांनी अक्षयाकडे पाहिलं. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, श्वास धरून, हुबेहूब कोणासारखी तरी.

"दो," ते फोनमध्ये म्हणाले. "बाहर ही डालना."